रेगेकाकांकडे सरळ फोटो नव्हता

रेगेकाका चांगला माणूस होता हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे. त्यांनी आयुष्यात बायकोचे शेकडो फोटो काढले. आणि साधनाकाकू हरवल्या तेव्हा पोलिसांना द्यायला त्यातला एकही उपयोगी पडला नाही.

आम्ही दिल्लीच्या द्वारकेत एकाच सोसायटीत राहायचो. तेव्हा मेट्रो यायची होती. सेक्टरांना नुसते नंबर होते आणि दोन सोसायट्यांच्या मधे बाभळी, धूळ आणि पाण्याचे टँकर. सगळ्या सोसायट्या एकाच साच्यातल्या: तेच पिस्ता रंगाचे कठडे, तेच लोखंडी गेट, गेटावर तोच डुलक्या काढणारा गार्ड. नवा माणूस स्वतःच्या घरी येताना एकदा तरी भलत्याच गेटात शिरायचाच. मी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, कडुलिंबाच्या सावलीत वाढलेली. बाबांनी इथे फ्लॅट घेतला तेव्हा मी महिनाभर कुरकुर करत होते. रेगेकाका मात्र खूश होते. "संपदा, मोकळी जागा किती आहे बघ," म्हणायचे. मोकळी जागा हे त्यांचं दैवत होतं.

ते केंद्र सरकारच्या एका प्रकाशन खात्यात लेआउट आर्टिस्ट होते. फूटपट्टी, कात्री आणि गोंद घेऊन तीस-बत्तीस वर्षं त्यांनी सरकारी पुस्तिकांची पानं लावली. शेवटच्या काही वर्षांत खात्यात कॉम्प्युटर आले, आणि ज्यांना कॉम्प्युटर येत होता त्यांना पान कशाशी खातात हे माहीत नव्हतं. काका रागारागाने कॉम्प्युटर शिकले. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी एक मशीन घेतलं, फोनच्या तारेवर इंटरनेट घेतलं आणि रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीत वर्ग सुरू केला. ज्याला कुणाला स्वतःची पहिली वेबसाइट करायची असेल त्याने यावं. फी नाही. काकूंचा चहा आणि काकांची बोलणी, एवढंच मिळायचं.

तेव्हा नव्याने वेबसाइट करणाऱ्याला कसला उमाळा यायचा ते आता सांगून पटणार नाही. फुकट मिळालेल्या त्या एका पानावर माणसं घरातलं सगळं आणून मांडायची. गरगर फिरणारा ॐ, लुकलुकणारी अक्षरं, डावीकडून उजवीकडे सरकणारं 'वेलकम', उडणारी कबुतरं, पान उघडताच सुरू होणारी पिपाणी, आणि 'आपण आमचे अमुकावे पाहुणे' असं सांगणारा आकडा. काका हे सगळं शांतपणे बघायचे आणि मग म्हणायचे, "आता काढायला लागा." शिकवायचे ते एवढंच. रंग दोन पुरेत. अक्षर एका वळणाचं. चारी बाजूंनी जागा सोडा, पानाला श्वास घेऊ द्या. बघणाऱ्याला आपण ओरडून बोलवायचं नसतं, तो थांबेल असं काही करायचं असतं. माझी स्वतःची साइट त्यांनी इतकी काढायला लावली की शेवटी माझं नाव, एक बोगनवेल आणि माझा ईमेल उरला. मी दोन दिवस फुरंगटून होते. मग ऑफिसात चौघांनी विचारलं, कुणी करून दिली, आणि माझा राग पळाला.

नमुना म्हणून ते स्वतःची साइट दाखवायचे. पांढरं पान आणि त्यावर काकूंचे फोटो. मेथी निवडणारे काकूंचे हात. गॅलरीत पाठमोऱ्या काकू आणि पलीकडे उतरणारं विमान. खिडकीशी बसलेल्या काकू, अर्धा गाल उजेडात आणि बाकी अंधार. मला ते फोटो फार आवडायचे. कॅमेऱ्यात बघून हसणारा माणूस काकांना खपायचाच नाही. "तो फोटो नव्हे, ओळखपत्र," म्हणायचे.

हरीश अरोडा त्यांचा सगळ्यात नाठाळ विद्यार्थी. आमच्याच सोसायटीतला, पानिपतला ब्लँकेटचा धंदा, आठवड्यातले चार दिवस तिकडेच. माणूस सोन्यासारखा आणि आवड मात्र अशी की लग्नाच्या मांडवालाही लाज वाटावी. एका दिवाळीत तो मिठाई घेऊन आला आणि त्याच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्याने काका-काकूंचा फोटो काढला. फ्लॅश थेट तोंडावर. दोघं पुतळ्यासारखे समोर बघतायत, डोळे लाल झालेले, मागे टीव्ही, पुढ्यात मिठाईचा डबा. तो फोटो त्याने झेंडूच्या माळांच्या चौकटीत घालून आपल्या पहिल्याच पानावर लावला आणि खाली लिहिलं, 'मेरे गुरुजी और माताजी'.

काका तो बघून खरोखर दुखावले. "हरीश, ये हटाइए. प्लीज. आज ही."

"सरजी, इतना प्यारा फोटो है!"

"प्यारा है, पर अच्छा नहीं है."

काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "राहू दे की. मला आवडला. मी आहे त्यात." काकांनी ऐकलं नाही, आणि पुढच्या रविवारी फोटो पानावरून गेलेला होता.

त्याच सुमाराला काकू विसरायला लागल्या होत्या. आधी आमटीत दोनदा मीठ पडलं, मग दूध उतू गेलं, मग कुलूप लावून किल्ली आतच राहिली. हे सगळ्यांचंच होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मला खटकली ती वेगळीच गोष्ट. काकूंची हिंदी जायला लागली. तीस वर्षं दिल्लीत काढलेली बाई, भाजीवाल्याशी अस्सल दिल्लीच्या थाटात भांडायची. ती आता त्याला मराठीत सांगायची, "अरे, ही शिळी आहे, खालची दे." तो हसायचा. मी काकांना म्हटलं, डॉक्टरला दाखवा. काका म्हणाले, दाखवू या. ते टाळाटाळ करत नव्हते, घाबरले होते.

आणि एका रविवारी, वर्ग चालू असताना, काकू पिशवी घेऊन बाहेर आल्या. "कोथिंबीर घेऊन येते," म्हणाल्या. काका कुणाच्या तरी पानावरची कबुतरं काढत होते. ते नुसतं "हं" म्हणाले. दार ओढून घेतल्याचा आवाज झाला. चहाची वेळ झाली, टळली, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काकू अजून आलेल्या नाहीत.

गार्डने त्यांना बाहेर जाताना बघितलं होतं. भाजीवाल्याकडे त्या पोचल्याच नव्हत्या. आम्ही शेजारच्या सगळ्या सोसायट्या पालथ्या घातल्या. प्रत्येक गेटाशी गेलं की मला वाटायचं, हेच, इथेच शिरल्या असतील, आपलं समजून. संध्याकाळपर्यंत काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चौकीत हवालदार सभ्य होता. त्याने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, "फोटो दीजिए. चेहरा साफ दिखना चाहिए."

काका घरी आले आणि कपाटं उघडून बसले. अल्बम, पाकिटं, निगेटिव्ह, कॉम्प्युटरमधले सगळे फोल्डर. मी शेजारी बसून बघत होते. काकू पाठमोऱ्या. काकूंचे हात. काकूंची भिंतीवरची सावली. काकू धुक्यात, ओढणीने तोंड झाकलेल्या. काकू झोपलेल्या, उशीत अर्ध्या बुडालेल्या. एका तरुण, हौशी माणसाने बायकोवर जीव टाकून काढलेले फोटो होते ते, हे मला आजही मान्य आहे. पण त्या क्षणी ते सगळे उचलून खाली फेकावेत असं मला वाटलं. तीस वर्षांत एकदा, एकदा तरी या माणसाने बायकोला समोर बसवून सरळ बघितलं नव्हतं का?

सरळ चेहरा दोनच ठिकाणी निघाला. मतदार ओळखपत्रावर, जिथे काकूंच्या जागी काळा डाग होता. आणि सरकारी दवाखान्याच्या जुन्या कार्डावर, दोघांचा मिळून एक. हवालदाराने तो उजेडात धरला. "ये तो कोई लड़की है," तो म्हणाला. फोटो काकूंचाच होता, लग्नानंतर थोड्याच वर्षांनी काढलेला.

मग काकांनी पत्रक करायला घेतलं. मी म्हटलं, चौकाच्या कोपऱ्यावरचा प्रिंटरवाला करून देईल, पण काका म्हणाले, मीच करणार. त्यांना दुसरं काही करताच येत नव्हतं, हे आता कळतं. तेव्हा फक्त चीड येत होती. खिडकीजवळचा तो अर्ध्या गालाचा फोटो, खाली बारीक अक्षरांत 'गुमशुदा', नाव, वय, फोन नंबर. आणि चारी बाजूंनी मोकळी जागा! हरवलेल्या बायकोच्या पत्रकावर हा माणूस पानाला श्वास घेऊ देत होता.

"काका, अक्षर मोठं करा."

"मोठं केलं की कुणी वाचत नाही, संपदा."

"लाल करा निदान!"

"ओरडून काही होत नाही गं," ते म्हणाले.

ती पत्रकं आम्ही द्वारकाभर लावली. हरीशने गठ्ठाच्या गठ्ठा उचलला आणि फरीदाबादपासून पानिपतपर्यंत बसस्टँड, दवाखाने, गुरुद्वारे, जिथे गाडी थांबेल तिथे चिकटवत गेला. इकडे द्वारकेत मी एक पत्रक आमच्या भाजीवाल्याच्या हातगाडीला लावलं. काकू ज्याच्याशी रोज भांडायच्या तोच हा. त्याने चष्मा वर करून ते नीट बघितलं. "ये कौन मैडम हैं, दीदी?" त्याने विचारलं.

मी घरी जाऊन रडले. काकांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, यावर आईशी माझं भांडण झालं, आणि शेवटी आईनेच जाऊन सांगितलं.

त्यानंतर काकांचं बोलणं अगदी कमी झालं. ते सकाळी निघायचे आणि एकसारख्या गेटांवरून फिरायचे. गार्ड लोक आता त्यांना दुरूनच हात हलवून 'नाही' म्हणायचे. दिवसेंदिवस थंडी वाढत होती. काकूंच्या अंगावर घरातली सुती साडी होती आणि पायात रबरी चपला. काका पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणायचे, "स्वेटर नाही गं घातला तिने." एकदा रेल्वे फाटकाजवळ कुणी म्हातारी बाई सापडली असा फोन आला. आम्ही धावत गेलो. ती दुसरीच कुणी होती. त्या बाईने काकांचा हात घट्ट धरला आणि सोडेना, आणि काका तिला म्हणत राहिले, "आपको भी कोई ढूँढता होगा, माताजी." मी इतकी हतबल कधी झाले नव्हते. देवाला शिव्या देऊन झाल्या, नवसही बोलून झाले.

एका संध्याकाळी हरीश आला आणि दारातच उभा राहिला. "सरजी, एक बात बोलूँ? गुस्सा मत होना." मग खाली बघत म्हणाला, "वो दिवाली वाला फोटो... मैंने हटाया नहीं था. बस, दूसरे पन्ने पे छुपा दिया था. माताजी को पसंद था ना."

मूळ फोटो त्याच्याकडे उरला नव्हता. विजेच्या झटक्यात त्याचा कॉम्प्युटर उडाला होता. जो काही होता तो इंटरनेटवरच, त्याने लपवून ठेवलेल्या त्या पानावर. मी काकांच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट लावलं, ते कुरकुर आवाज करत जोडलं गेलं आणि पान उघडायला लागलं. आधी झेंडूच्या माळा आल्या. मग पिपाणी वाजायला लागली. मग फोटो वरून खाली, एकेक पट्टी करत उतरायला लागला. केस, भांग, मोठं कुंकू. मग डोळे.

काकांनी दोन्ही हात तोंडावर दाबले. काकू सरळ त्यांच्याकडे बघत होत्या. जरा घाबरलेल्या, जरा हसऱ्या, उजव्या गालावर तीळ. तो तीळ रोज समोर असूनही माझं कधी त्याकडे लक्ष गेलं नव्हतं, आणि काकांच्या फोटोंत तर तो गाल नेहमी अंधारात असायचा. काका लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. हरीश त्यांच्या पाठीवरून हात फिरवत "सरजी, सरजी" म्हणत होता आणि स्वतःही रडत होता.

मग काकांनी डोळे पुसले, फोटो उतरवून घेतला आणि सवयीने डोळ्यांतला लाल रंग पुसायला त्यावर माउस नेला.

"काका, हात लावू नका त्याला!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्यांनी दार उघडलं. काकांनी हात मागे घेतला. "हरीश," ते म्हणाले, "आप बनाइए. जैसा आपको ठीक लगे."

हरीशने बनवलं. 'गुमशुदा' लाल भडक, खाली काकूंचा चेहरा कागदभर, त्याखाली फोन नंबर चपलेएवढा. काका मागून सांगत होते, "और बड़ा कीजिए. और." मग त्यांनी फोन उचलला आणि आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः फोन केला. निवृत्त हेडमास्तर, बँकेतल्या बाई, होमिओपॅथीवाले डॉक्टर. ज्यांच्या पानांवरून त्यांनी एकेक वस्तू भांडून काढली होती, त्या सगळ्यांना ते म्हणत होते, "माझ्या बायकोचा फोटो तुमच्या पहिल्या पानावर लावता का? अगदी वर. लुकलुकेल असा लावा. काहीही करा, पण तो दिसला पाहिजे." कुणी नाही म्हटलं नाही. त्या रात्री दिल्लीतली ती सगळी नीटनेटकी पानं कुरूप झाली.

फोन आला तो पानिपतहून. शहराबाहेरच्या एका धर्मादाय दवाखान्यातली नर्स होती. त्यांच्याकडे एक बाई होती, बसस्टँडवर कुणाला तरी तापाने फणफणलेली सापडलेली. तिचं बोलणं कुणालाच कळत नव्हतं. बंगाली असेल असं समजून त्यांनी एक बंगाली कारागीरही आणून बघितला होता. पानिपतला काकू कशा पोचल्या, कुठल्या बसमध्ये बसल्या, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

हरीशच्या व्हॅनमधून आम्ही निघालो. काकांनी स्वेटर, शाल, साडी, काकूंचा कंगवा असं सगळं एका पिशवीत घेतलं होतं आणि ती पिशवी ते रस्ताभर मांडीवर धरून बसले होते. करनाल रोडवर ट्रकांची रांग लागली तेव्हा ते खाली उतरून चालायला निघाले. आम्ही त्यांना ओढून आत घेतलं.

दवाखान्याच्या गेटावर दोन कागद होते. हरीशचं लाल पत्रक नवं होतं. त्याच्या शेजारी काकांचं जुनं, पांढरं, उन्हाने कडा वळलेलं. नर्स आम्हाला घ्यायला तिथेच आली. साधी, बोलकी मुलगी होती. "ये वाला तो कब से लगा था," ती जुन्या कागदाकडे बोट करून म्हणाली. "रोज़ इसी के सामने से अंदर जाती हूँ. क्या पता था कि यही वाली आंटी हैं." तिला वाटलं ती नुसती माहिती देतेय. काकांनी मान हलवली. हरीशने तोंड फिरवलं. मी त्या कागदाकडे बघितलंच नाही.

वॉर्ड लांबलचक होता, दोन्ही बाजूंना खाटा. काका पुढे निघाले, एकेक खाट बघत. उजव्या बाजूच्या एका खाटेवर डोक्याचे केस अगदी बारीक कापलेली एक बाई बसली होती, दवाखान्याच्या निळ्या झग्यात, ब्लँकेट गुंडाळून. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि ते पुढे गेले. शेवटच्या भिंतीपर्यंत गेले. माझे पाय मात्र तिथेच थांबले होते. गालावर तीळ होता.

"काका," मी म्हटलं.

ते वळून परत आले. खाटेसमोर उभे राहिले आणि त्यांनी बघितलं, खूप वेळ बघितलं. पिशवी त्यांच्या हातातून सुटून खाली पडली.

काकूंनी वर मान केली. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काही नव्हतं, फक्त चांगल्या घरातल्या बाईची काळजी होती. कुणी दमलाभागला दारात आला की असायची तशी.

"कुणाला शोधताय का हो तुम्ही?" त्यांनी विचारलं. स्वच्छ मराठीत.

काका म्हणाले, "बायकोला. माझी बायको हरवलीये."

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "फोटो आणलाय का तिचा?"

काकांनी खिशातून घडी घातलेलं लाल पत्रक काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. काकूंनी ते मांडीवर पसरलं, तळव्याने घडी सरळ केली आणि नीट निरखून बघितलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "हिला मी इथे पाहिलेलं नाही." आणि काकांचा चेहरा बघून त्यांना फार वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी जरा सरकून खाटेवर जागा केली. "पण सापडेल. एवढा चांगला फोटो आहे, कुणीतरी ओळखेलच. तुम्ही बसा जरा. जेवला नाहीत वाटतं सकाळपासून?"

"नाही," काका म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी बसले.